गणपती दोनदा आले त्या वर्षी : एक जुना सरकारी अहवाल वाचताना

२०२३ साली आमच्या घरात गणपती दोनदा आले. बाबांचं मूळ घर गुहागरकडे. तिथे टिळक पंचांग पाळतात, त्यामुळे तिथली गणेश चतुर्थी २० ऑगस्टला, रविवारी झाली. आईचं माहेर इथलंच, जुन्या पनवेलमधलं. तिथे दाते पंचांग आणि भिंतीवर कालनिर्णय. त्यांची चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी. मधे तब्बल तीस दिवस. दोन्ही घरी तेच उकडीचे मोदक, त्याच आरत्या, तीच दूर्वा निवडण्यावरून होणारी भांडणं.

ऐकायला मजेशीर वाटतं. त्या वर्षी ते मजेशीर नव्हतं. दादा बंगळूरला नोकरी करतो, त्याला सुट्टी सप्टेंबरची मिळाली, कारण सुट्ट्यांच्या यादीत सप्टेंबर होता. कोकणात जाणाऱ्या जादा गाड्याही सप्टेंबरच्याच होत्या. शाळांच्या सुट्ट्या सप्टेंबरला. पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे निघणाऱ्या हायवेवर ऑगस्टमध्ये नेहमीची ट्रॅफिक होती, गणपतीची नव्हती. गावच्या घरात दरवर्षी पंचवीसेक माणसं जमतात. त्या वर्षी नऊ होतो. आजी दरवाजाकडे तोंड करून बसली होती, आणि मधूनच म्हणत होती, "भात अजून पोटरीला नाही आलं, आणि गणपती आले."

दुसऱ्या दिवशी जेवताना मोठ्या काकांनी मला विचारलं, "तू शास्त्र शिकतेस ना गं? मग सांग, कुठलं पंचांग बरोबर?"

मी सांगितलं. एका वाक्यात. म्हटलं, काका, दाते बरोबर, सरकारने मान्य केलेला अयनांश तोच आहे, टिळक पंचांग चुकीचा अयनांश धरतं. काका काही बोलले नाहीत. ताटावरून उठताना एवढंच म्हणाले, "म्हणजे तीन पिढ्या आम्ही चुकीच्या दिवशी पुजलं."

मी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. माझा विषय पातळ थरांचा आहे, आकाशाशी संबंध नाही. पण त्या वाक्याने मला झोप लागली नाही, आणि पनवेलला परत आल्यावर मी ज्याच्या जिवावर ते ठणकावून सांगितलं होतं तो दस्तऐवज शोधून वाचायला घेतला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या कॅलेंडर रिफॉर्म कमिटीचा १९५५ चा अहवाल. आज तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही नेटची, पेटची तयारी करत असाल, पुढे संशोधनाला येणार असाल, तर हा अहवाल वाचाच. त्यात एक फार मोठं संशोधनकार्य आहे, आणि त्याच्या पोटात एक गोंधळ आहे. मी जेवणाच्या ताटावर केला तोच.

आधी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९५२ मध्ये सीएसआयआरने ही समिती नेमली. साहा म्हणजे तेच, ज्यांचं आयनीभवनाचं समीकरण तुम्ही एम.एस्सी.ला शिकलात. समितीत मराठी माणसंही होती : नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी, ज्यांच्या नावाचा अयनांश आज प्रत्येक कुंडली-अ‍ॅपमध्ये असतो. अहवालाच्या सुरुवातीला नेहरूंचा संदेश आहे. देशात तीस वेगवेगळी पंचांगं चालतात याकडे त्यांनी बोट दाखवलं आहे. स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झालेल्या देशाला एकच दिनदर्शिका असावी असं वाटणं साहजिक होतं.

आता विज्ञान. घाई करू नका, कारण पुढची सगळी टीका यावर उभी आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर. दर १२ अंशांना एक तिथी. इथे लक्षात घ्या, हा *फरक* आहे. शून्य अंश आकाशात कुठून मोजायचा याने फरक बदलत नाही. दोन्ही आकड्यांतून तीच संख्या वजा होते आणि उडून जाते. म्हणून अमावास्या कधी, चतुर्थी कधी लागते, यात दाते आणि टिळक यांच्यात भांडण नाही. २० ऑगस्टला दोघांच्याही पंचांगात शुक्ल चतुर्थीच होती. प्रश्न फक्त एवढाच की ती कुठल्या महिन्याची.

महिन्याचं नाव मात्र सूर्य कुठल्या राशीत शिरतो त्यावर ठरतं, आणि रास कुठून सुरू होते ते शून्य अंशावर अवलंबून आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. हे अकरा दिवस साचत जातात, म्हणून १९ वर्षांत ७ वेळा एक महिना जादा धरावा लागतो. तो केव्हा धरायचा? ज्या दोन अमावास्यांच्या मधे सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक मास. नियम सुंदर आहे. सणांना ऋतूंपासून फार लांब जाऊ देत नाही आणि चंद्रालाही सोडत नाही.

२०२३ मध्ये काय झालं ते बघा. एक अमावास्या १७ जुलैला रात्री बाराच्या सुमारास संपली, पुढची १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या आसपास. चित्रापक्षाचा, म्हणजे लाहिरींचा, अयनांश घेतला तर सूर्य सिंह राशीत १७ ऑगस्टला दुपारी शिरला. अमावास्येनंतर जेमतेम बावीस-तेवीस तासांनी. म्हणजे मधल्या महिन्यात संक्रांत नाही, तो अधिक श्रावण. टिळक पंचांगाचा अयनांश साधारण ४ अंशांनी कमी आहे, सूर्य दिवसाला साधारण १ अंश चालतो, त्यामुळे त्यांची सिंह संक्रांत सुमारे चार दिवस आधी, १३ तारखेच्या आसपास. ती महिन्याच्या आत पडली. त्यांच्या लेखी तो साधा, निज श्रावण. पुढचा महिना भाद्रपद. त्या बावीस-तेवीस तासांनी आमच्या गावच्या घरात नऊ माणसं उरली.

मग हे ४ अंश आले कुठून? परंपरा सांगते की रेवतीची योगतारा राशिचक्राच्या आरंभाशी आहे आणि चित्रा बरोबर समोर, १८० अंशांवर. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असत्या तर वादच नव्हता. पण रेवतीची योगतारा म्हणजे झीटा पिशियम धरली तर चित्रेपासूनचं तिचं भोगांशातलं अंतर जवळजवळ १८४ अंश येतं. आकाशच जुळत नाही. रेवतीला शून्यावर ठेवा, चित्रा १८४ वर जाते. चित्रेला १८० वर ठेवा, रेवती चार अंश मागे सरकते. टिळक परंपरेने रेवती धरली. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या विद्वानांनी चित्रा धरली. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं, ते तर दोन्ही सोडून वसंतसंपातापासूनच मोजा म्हणणाऱ्या सायन पक्षाचे. म्हणजे आमच्या काकांचा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, आणि तो सोडवायला मराठीत तुमच्या-माझ्यापेक्षा किती तरी मोठी डोकी बसली होती.

आता मुद्द्यावर येते. यातलं *मोजमाप* कोणतं आणि *ठराव* कोणता?

१६ ऑगस्टला अमावास्या किती वाजता, हे मोजमाप. चुकलं तर दाखवता येतं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरच्या रात्री, कोजागिरीला, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास चंद्राची कड काळी व्हायला लागली. ते बघून रेवती खरी की चित्रा हे तुम्ही सांगू शकाल का? नाही. शून्य कुठेही धरा, ग्रहण त्याच मिनिटाला होतं. अशी कोणतीही दुर्बीण नाही, असं कोणतंही निरीक्षण नाही, जे सांगेल की मेष रास इथूनच सुरू होते. तो ठराव आहे. ठराव सोयीचा-गैरसोयीचा असतो, जुना-नवा असतो, सुसंगत-विसंगत असतो. ग्रहणाची वेळ चुकते तसा तो चुकत नाही. मी काकांना जे "चुकीचा" म्हणाले, तो शब्दच चुकीच्या खणातला होता.

आणि हाच शब्द अहवालात दोन्ही खणांत फिरतो. ही माझी त्यावरची पहिली तक्रार.

अहवालाचा जो भाग मोजमापाबद्दल आहे तो अप्रतिम आहे, हे आधी कबूल करते. सूर्यसिद्धान्ताचं वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचं. ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२. फरक दिवसाच्या सुमारे साठाव्या भागाइतका, म्हणजे साठ वर्षांत एक दिवस. चौदाशे वर्षांत तेवीस दिवस. उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो, त्यामागे हा हिशोब आहे. साहा हे इतक्या स्वच्छपणे मांडतात की तुम्हाला वाटतं, आता बोलायला काही उरलं नाही. ज्यांना "पंचांग पूर्ण वैज्ञानिक आहे, ऋषींना सगळं माहीत होतं" असे मेसेज रोज येतात त्यांनी हा भाग छापून जवळ ठेवावा. मकर संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असं सांगणारा प्रत्येक मेसेज तीन आठवड्यांनी चुकलेला असतो.

पण सूर्यसिद्धान्ताचं वर्ष लांब आहे हा एक दोष, आणि नाक्षत्र वर्ष वापरणं हा दुसरा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरळ अचूकतेची बाब. दुसरी निवडीची. ताऱ्यांना धरून वर्ष मोजायचं ठरवलं तर सण ऋतूंपासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकतील, ही त्या निवडीची किंमत आहे. किंमत जास्त वाटते म्हणून निवड बदला, असं म्हणता येतं. अहवालाचा सूर मात्र दोन्हींना एकाच तिडिकेने अज्ञान ठरवण्याचा आहे. वाचणाऱ्याला कळत नाही की इथे वैज्ञानिक बोलतो आहे की धोरण ठरवणारा.

दुसरी तक्रार माझ्या मते जास्त गंभीर आहे. अहवालाचं मुख्य हत्यार म्हणजे ऋतू. सण ऋतूंपासून ढळले, त्यांना जागेवर आणा. संक्रांतीबाबत हे बिनतोड आहे, कारण संक्रांत हा शुद्ध सूर्याचा सण, तो दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला येतो, त्याचं ढळणं दिसतं. पण गणपतीचं काय? गणेश चतुर्थी २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. चंद्राच्या चालीने हा सण मुळातच चार आठवडे पुढेमागे डोलतो. त्या डोलण्यात ७२ वर्षांत एक दिवस हे सरकणं कोणाच्या लक्षात येणार? प्रयोगशाळेत आपण म्हणतो ना, सिग्नल नॉइजमध्ये बुडाला. आजीच्या आख्ख्या आयुष्यात ढळणं झालं असेल एका दिवसाचं. डोलणं तिने दरवर्षी पाहिलं. तिला भात पोटरीला आलं की गणपती हे माहीत आहे, पण कधी पोटरीच्या आधी, कधी लोंबी बाहेर पडल्यावर, हेही माहीत आहे. तिने तेवढी सूट मनात धरूनच ठेवली आहे. त्या ऑगस्टमध्येही अंगणाच्या कडेला गौरीसाठी तेरडा मिळालाच.

म्हणजे साहांनी सर्व सणांना एकच औषध दिलं. सूर्याच्या सणांचा आजार मोठा होता, चंद्राच्या सणांचा नगण्य. आणि महाराष्ट्रात, कोकणात, माणसं ज्या सणांसाठी नोकरी सोडायला तयार होतात ते बहुतेक चंद्राचे आहेत. तुम्ही पुढे कुठलाही जुना अहवाल, प्रबंध वाचाल तेव्हा हे करून बघा : लेखकाने आपला युक्तिवाद ज्या उदाहरणावर बेतला आहे ते बाजूला काढा आणि त्याच वर्गातलं दुसरं उदाहरण तिथे ठेवा. टिकतो का? संक्रांत काढून गणपती ठेवला की या अहवालातला अर्धा जोर जातो.

गौरींबद्दलही एक सांगते, कारण हे मला अहवाल वाचल्यावरच सुचलं. गणपती तिथीवर येतात, गौरी नक्षत्रावर : अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. नक्षत्र म्हणजे फरक नव्हे. ते शून्यापासून मोजलेलं चंद्राचं स्थान. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो, म्हणून ४ अंशांनी नक्षत्र सातेक तास आधी किंवा नंतर लागतं. त्यामुळे ज्या वर्षी दोन्ही पंचांगांत चतुर्थी एकाच दिवशी असते त्या वर्षीही गौरी एखाद्या दिवसाने पुढेमागे येऊ शकतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हो, तुझ्या आत्याच्या गौरी कधीकधी आदल्या दिवशी असतात. मला वाटायचं ती घाई करते." वीस वर्षं आत्याबद्दल हा समज.

आता अहवालाच्या शिफारशी. नागरी कामांसाठी ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका. ती २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला सुरू झाली. साहांनी ती पाहिली नाही, ते फेब्रुवारी १९५६ मध्येच गेले. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर ती तारीख अजून असते. तुमच्या घरात कोणाला आजची राष्ट्रीय तारीख माहीत आहे का, विचारून बघा. धार्मिक सणांसाठी समितीने तडजोड काढली : अयनांश २३ अंश १५ कलांवर गोठवा. म्हणजे सण आज जिथे आहेत तिथे राहू द्या, पण यापुढे सरकू देऊ नका. माझ्या मते ही अहवालातली सर्वांत शहाणी ओळ आहे. आणि तिचंच काय झालं बघा : घरोघरीच्या पंचांगांनी २३ अंश १५ कला हा आकडा उचलला, २१ मार्च १९५६ चं मूल्य म्हणून, आणि तिथून तो वर्षाला ५० विकलांनी वाढू दिला. आज तो २४ अंशांच्या वर आहे. "सरकारने मान्य केलेला अयनांश" असं मी काकांना ज्याबद्दल म्हणाले, तो सरकारी समितीने जसा सांगितला तसा आमच्या भिंतीवरही नव्हता. आकडा उरला, गोठवणं गेलं.

का झालं असं? इथे मी तुम्हाला व्हिएतनामला नेते. आमच्या प्रयोगशाळेत काही काळ तिथली एक संशोधक होती, तिच्यामुळे मी यात शिरले. त्यांचं चांद्र नववर्ष, तेत, आपल्या गणपतीसारखंच माणसांना घराकडे ओढतं. शहरं रिकामी होतात, बस-रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ताट मांडलं जातं. चिकट तांदूळ, मूग आणि डुकराचं मांस पानात गुंडाळून चौकोनी बान चुंग करतात आणि रात्रभर उकळतात. चुलीपाशी जागत बसणं हाच मुलांचा सण. वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या तेवीस तारखेला चुलीचे देव घरातल्या बातम्या घेऊन स्वर्गात जातात, मासोळीवर बसून. मी तिला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचे फोटो दाखवले तेव्हा ती हसायला लागली. तांदूळ आणि पान, दोन्हीकडे.

त्यांची दिनदर्शिकाही आपल्यासारखीच चंद्र-सूर्याची, त्यातही अधिक महिना आहे. फक्त त्यांच्यात वाद अंशांचा नाही, तासाचा आहे. ८ ऑगस्ट १९६७ ला उत्तर व्हिएतनामच्या सरकारने ठरवलं की गणित यापुढे ग्रिनिचच्या ७ तास पुढच्या, म्हणजे हनोईच्या वेळेने करायचं. चीन ८ तास पुढे, आणि दक्षिण व्हिएतनामही तेव्हा ८ तासांवर. लगेच पुढच्या वर्षी त्याचं फळ दिसलं. जानेवारी १९६८ ची अमावास्या हनोईच्या घड्याळात २९ तारखेला रात्री साडेअकराला पडली, सायगावच्या घड्याळात ३० तारखेला मध्यरात्रीनंतर साडेबाराला. उत्तरेचा तेत २९ जानेवारीला, दक्षिणेचा ३० ला. ज्या सणाच्या रात्रींत त्या युद्धातला सर्वांत गाजलेला हल्ला झाला, तो सण दोन्ही बाजूंना एकाच दिवशी नव्हता.

१९८५ चं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात आमचं २०२३ दिसतं. डिसेंबर १९८४ चं दक्षिणायनान्त हनोईत २१ तारखेला रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी झालं. तोच क्षण बीजिंगमध्ये २२ तारखेला १२ वाजून २३ मिनिटं. आणि २२ तारखेला अमावास्या, म्हणजे नवा महिना सुरू. चीनमध्ये दक्षिणायनान्त नव्या महिन्यात पडलं, व्हिएतनाममध्ये जुन्यात. अधिक महिना वेगळ्या ठिकाणी पडला. व्हिएतनामचा तेत २१ जानेवारी १९८५ ला आला, चीनचं नववर्ष २० फेब्रुवारीला. एक महिन्याचं अंतर, सदतीस मिनिटांमुळे.

यात गंमत अशी की तिथे "कुठलं बरोबर" हा प्रश्न फारसा राहिला नाही. हनोईचं मध्यरात्र बीजिंगच्या मध्यरात्रीपेक्षा जास्त खरं आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही. ते करता येतच नाही. ठरलं, ते एका देशाला एकदम लागू झालं, सुट्ट्या, गाड्या, बाजार सगळं त्याच तारखेला हललं. आपल्याकडे समितीने पंचांगांचं उत्कृष्ट परीक्षण केलं, आणि मग धार्मिक तारखा शिफारशीवर सोडून दिल्या. तारखा शेवटी ठरवल्या त्या १९७३ पासून घरोघरी गेलेल्या कालनिर्णयने, सोलापूरच्या दात्यांनी आणि सुट्ट्यांच्या यादीने. यात मी सरकारने सक्ती करायला हवी होती असं म्हणत नाही. देव्हाऱ्यात सरकार नको, हे मलाही वाटतं. माझं म्हणणं अहवालाबद्दल आहे. सण पाळणारी माणसं त्यात जवळजवळ नाहीतच. लोक पंचांग निवडतात कशावरून, घरातला भटजी कुठलं आणतो, लग्न होऊन आलेली सून कुणाच्या गौरी करते, चाकरमान्याला सुट्टी कधी मिळते, हे प्रश्न समितीने गणिताइतक्याच गांभीर्याने विचारले असते तर आपली शहाणी ओळ कोण वाचवणार हे तिला कळलं असतं. पंचांगं गोळा केली, पण ती पाळणारी घरं नाही.

हे मी मोठ्या माणसांबद्दल फार सहज लिहिते आहे, जाणीव आहे. साहांपुढे मी कोण? पण समीक्षेत मान आणि प्रश्न यांची सरमिसळ करू नका. हा अहवाल मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि माझ्या प्रबंधाचं प्रास्ताविक त्यानंतर पुन्हा लिहिलं. मीही "मानक मूल्य" आणि "मोजलेलं मूल्य" एकाच परिच्छेदात एकाच क्रियापदाने लिहिलं होतं. गाइडच्या नजरेतून सुटलं होतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर २०२६ सोयीचं आहे. चित्रापक्षाच्या पंचांगात त्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अमावास्यांच्या वेळा कुठेही मिळतील. संक्रांती चार दिवस मागे घ्या आणि मे ते ऑगस्टच्या अमावास्यांमध्ये कुठला महिना रिकामा राहतो ते कागदावर शोधा. एक जागा इतकी काठावरची आहे की चार दिवस म्हणजे नक्की किती तास हे तुम्हाला नीट काढावं लागेल. तिथेच खरा अभ्यास आहे, अंदाजाने सोडू नका. उत्तर मी सांगत नाही.

काकांना मात्र सांगावं लागलं. गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा मी म्हटलं, काका, त्या दिवशी मी चुकीचं बोलले, तुमचं पंचांग चुकीचं नाही, ते वेगळ्या ताऱ्यापासून मोजतं. त्यांनी रेवती कुठली ते विचारलं. रात्री गच्चीवर नेऊन दाखवायचा प्रयत्न केला, पण पनवेलच्या आकाशात तेवढा फिका तारा दिसत नाही. चित्रा दिसली असती, पण ती त्या मोसमात पहाटे उगवते. मग मी कागदावर वर्तुळ काढून १८४ अंश दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "म्हणजे आम्ही चुकलो नाही, आणि तेही चुकले नाहीत."

हो म्हटलं.

"मग आता बदलायचं की नाही?"

यावर घरात अजून एकमत नाही. बाबा म्हणतात दाते घेऊ, मुलं तरी येतील. आत्या म्हणते गणपती मुलांच्या सुट्टीने येत नाहीत. आजीचं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, पंचवीस पानं वाढायची असतील त्या दिवशी करा. काकांनी परवा फोन केला होता, कोकण रेल्वेचं आरक्षण उघडायच्या आधी. वाद त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "दादाला विचारून तिकीट कुठल्या तारखेचं काढू तेवढं सांग."